जुन्या संगणकाची उत्तरपूजा

श्रावण लागला की आपल्या मंडळाच्या कार्यालयात स्मरणिकेची गडबड सुरू होते. जाहिराती, देणगीदारांची यादी, मुलांच्या निकालांचे फोटो, आणि या सगळ्याच्या मधोमध कोपऱ्यातला तो जुना संगणक. त्यात विंडोज एक्सपी आहे, पेजमेकर आहे आणि मराठीचा एक जुना फाँट आहे. कोसाडच्या आपल्या बहुतेक घरांची नावे कधी ना कधी त्याच्यावर टाइप झालेली आहेत.

यंदाच्या बैठकीत त्याच्यावरून वाद झाला. तरुण मंडळी म्हणाली, "भंगारात द्या, त्याला आता कोणी विचारत नाही." वर्षानुवर्षे स्मरणिका जुळवणारे आमचे काका म्हणाले, "चालतंय ना? मग काढायचं कशाला?" आम्ही सरकारी नोकर, दोन्ही बाजू ऐकून घ्यायची सवय. दोघांचेही खरे वाटले. म्हणून निर्णयाआधी हा संगणक इथपर्यंत कसा आला, ते लिहून ठेवावे म्हटले.

वडीलधारी सांगतात, पूर्वी मराठी पत्रिका छापायची म्हणजे शहरातल्या छापखान्यात खेटे. हिंदीचे खिळे मिळत, पण 'ळ' आणि 'ऱ्य' कमी पडत. मग १९८५ साली अमेरिकेत आल्डस कंपनीने पेजमेकर काढला आणि छापखान्याची जुळणी टेबलावर आली. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थांनी आणि अनेक खाजगी कंपन्यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. आम्ही डिप्लोमा करत होतो तेव्हा गल्लोगल्ली डीटीपीची दुकाने निघाली होती. मराठी माणसाला स्वतःच्या हाताने स्वतःची लिपी छापता येऊ लागली, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

पण त्या फाँटमध्ये एक मेख होती. संगणकाला मराठी कळतच नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या अक्षरांची चित्रे बसवलेली होती. कृतीदेव फाँटमध्ये डी, ई, वाय ही तीन अक्षरे दाबली की पडद्यावर 'कमल' उमटते. संगणकाच्या पोटात मात्र डी, ई, वाय हेच राहते. फाँट काढला की कमळही गेले. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. एकाच्या फाँटमध्ये लिहिलेले दुसऱ्याच्या फाँटमध्ये वाचता येत नसे.

यावर उपाय म्हणून युनिकोड आले. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची. त्यात 'क' म्हणजे ०९१५ हा क्रमांक, मग फाँट कोणताही असो. देवनागरीला १२८ जागा, गुजरातीलाही १२८, आणि दोन्ही तक्त्यांत 'क' त्याच जागी बसतो. घरी मराठी आणि कचेरीत गुजराती लिहिणाऱ्या आमच्यासारख्याला याचे फार अप्रूप वाटते. केंद्र सरकारने २००९ साली ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच प्रमाण ठरवले.

इकडे पेजमेकर थांबले. १९९४ साली अडोबीने आल्डस विकत घेतली, २००१ साली सातवी आवृत्ती काढली आणि ती शेवटची ठरली. त्यात युनिकोड आलेच नाही. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी संपली. तरीही लहानमोठ्या छापखान्यांत आणि आपल्यासारख्या मंडळांत हे सगळे चालू राहिले. कारण साधे आहे. हात बसलेला, पैसे दिलेले, काम होत होते.

मग बिघडले कुठे? गेल्या वर्षी आपल्यातल्या एका कुटुंबाने आजोबांचा जुन्या स्मरणिकेतला लेख मागितला. छापील प्रत वाळवीने खाल्लेली. फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली तर नुसती इंग्रजी खिचडी. शेवटी जुना संगणक सुरू केला. तो तिसऱ्या प्रयत्नात उठला. त्या दहा मिनिटांत आम्हाला घाम फुटला, कारण आजोबांचे शब्द आता जगात त्या एकाच डब्यात होते.

दुसरी भीती बाहेरून येणारी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची कामे अडली, आणि मायक्रोसॉफ्टला बंद केलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली. एरवी अशा संगणकाच्या मदतीला आता कोणी येत नाही.

आपल्या समाजाने असा प्रसंग पूर्वीही पाहिला आहे. शेकडो वर्षे मराठी कारभार मोडीत चालला. पेशव्यांचे दप्तर मोडीत, आपल्या शेजारच्या बडोद्याला गायकवाडांचे दप्तरही मोडीत. छपाईला बाळबोध सोयीची, म्हणून विसाव्या शतकात मोडी कचेरीतून आणि मग शाळेतून गेली. तो निर्णय चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. चूक एवढीच की कागद मागे राहिले आणि वाचणारे गेले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून कागद गोळा केले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, तरी आजही रुमालांत बांधलेले असंख्य कागद वाचणाऱ्याची वाट पाहत आहेत. कित्येक घरांत पणजोबांच्या जमिनीचा कागद आहे, पण तो वाचायला माणूस शोधावा लागतो.

तेव्हा आमचे मत असे. संगणक निवृत्त करावा, पण आज नाही. इंटरनेटची वायर मात्र आजच काढावी. मग जुन्या स्मरणिका आणि सभासदांची नोंदवही युनिकोडमध्ये आणावी. हे रूपांतर करणारी साधने आहेत, पण ती चुकतात. रफार सरकतो, 'दुसऱ्या'चे भलतेच होते, आणि आडनावे तर हमखास बिघडतात. म्हणून तरुणांनी रूपांतर करावे आणि काकांनी वाचून तपासावे. कोणते नाव कसे लिहितात हे त्यांनाच ठाऊक आहे. युनिकोडमध्येही जुन्या टाइपरायटरच्या कळांची मांडणी वापरता येते, त्यामुळे त्यांना बोटे नव्याने वळवावी लागणार नाहीत. सर्व फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात, आणि एक छापील प्रत कार्यालयात. हे सगळे माघातल्या गणेश जयंतीपर्यंत संपवावे आणि त्या दिवशी संगणक बंद करावा.

मूर्ती आपण दरवर्षी विसर्जित करतोच. पण उत्तरपूजा झाल्याशिवाय ती जागची हलवत नाही. संगणकालाही तेवढाच मान द्यावा, एवढेच आमचे मागणे.

आणि एक आनंदाची गोष्ट. निवृत्त झालेल्या मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली. आता मोडीही संगणकावर लिहिता येते. फक्त ती वाचणारे आपल्यात किती उरले आहेत, हे आरतीला जमल्यावर एकदा एकमेकांना विचारून पाहू या.

गणपती बाप्पा मोरया!