स्वमग्न बालकाचे वर्तनोपचार : आरंभ करताना

दोन-अडीच वर्षांचे मूल हाक मारल्यावर वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, आलेले चार शब्दही हळूहळू बोलेनासे होते, तेव्हा घरात एक ठरलेले वाक्य ऐकू येते : ‘याचे वडीलही उशिराच बोलायला लागले होते.’ या एका वाक्यावर वर्ष-दीड वर्ष निघून जाते. अशा मुलाची श्रवणचाचणी प्रथम करून घ्यावी आणि ऐकणे ठीक असेल तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसतज्ज्ञ यांच्याकडे जावे. स्वमग्नतेचे, म्हणजेच ऑटिझमचे, निश्चित निदान होण्यास काही भेटी लागतात. पण उपचारांचा आरंभ त्यासाठी अडवून ठेवण्याची गरज नसते. संवाद शिकवल्याने कोणत्याच मुलाचे नुकसान होत नाही.

वर्तनोपचार या शब्दाने पुष्कळ पालक बिचकतात. मुलाला ‘वळण लावण्याचा’ हा काही कडक प्रकार असावा, असे त्यांना वाटते. वास्तविक त्याचे मूळ सूत्र साधे आहे. प्रत्येक वर्तनाच्या आधी काही घडलेले असते आणि वर्तनानंतर मुलाला काही मिळते किंवा काही टळते. या तीन गोष्टी नोंदवल्या की वर्तनाचा अर्थ लागू लागतो.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. मूल जेवताना ताट भिरकावते. आठवडाभर वहीत नोंद ठेवल्यावर असे आढळते की, कोरडा भात वाढला की ते शांतपणे जेवते; भातावर आमटी ओतली की ताट उडते. ताट उडाले की आई तो भात उचलून नेते आणि कोरडा भात आणते. म्हणजे ताट फेकणे हे ‘मला कालवलेले नको’ असे सांगणे आहे, आणि आजवर ते सांगण्याचा दुसरा कोणताही मार्ग मुलाच्या हाती नव्हता. उपचारतज्ज्ञ येथे ‘नको’ शिकवतात : शब्दाने, तळहात पुढे करून किंवा चित्रकार्ड देऊन. मुलाने ते केले की आमटी त्याच क्षणी बाजूला व्हायला हवी. कालवलेला भात खाण्याचा सराव नंतर, एकेका घासाने. मार दिल्यास ताट फेकणे कदाचित थांबेलही. पण सांगायचे ते आतच राहते आणि चावणे, डोके आपटणे अशा दुसऱ्या वाटेने बाहेर येते.

चित्रकार्डे दिली तर मूल बोलायचेच नाही, ही भीती निराधार आहे. कार्डाच्या बदल्यात वस्तू देण्याची पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत विकसित केली. अशा साधनांमुळे वाणी खुंटत नाही, हे त्यानंतरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे.

या उपचारपद्धतीचा इतिहास मात्र निष्कलंक नाही, आणि तो पालकांना ठाऊक असावा. आयव्हर लोवास यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात केलेल्या कामाचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्याला सुमारे ४० तास उपचार मिळालेल्या १९ बालकांपैकी ९ जण सामान्य शाळेची पहिली इयत्ता पार करू शकले, असे त्यांनी नोंदवले. जगभरच्या पालकांना आशा वाटली ती यामुळे. परंतु मुलांची गटवारी यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती, आणि उपचारांत मोठ्याने ओरडणे व मांडीवर चापट मारणे यांचाही समावेश होता. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात पाच अभ्यासांतील २१९ बालकांची माहिती तपासली गेली. या सघन उपचारांनी काही सुधारणा दिसते, पण पुरावा कमकुवत आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणून कुणी ‘वर्षभरात मूल पूर्ण बरे करून देतो’ असे सांगितले तर तेथून उठावे. स्वमग्नता हा बरा करण्याचा आजार नव्हे. लहानपणी असे उपचार घेतलेले अनेक स्वमग्न प्रौढ आज स्पष्टपणे सांगतात की, बळेच डोळ्यांत पाहायला लावणे आणि हात फडफडवणे बंद करायला लावणे यांचा त्यांना त्रासच झाला. आनंदात हात फडफडवणाऱ्या मुलाने कोणाचे काय बिघडते?

अलीकडे खेळातून, मुलाच्या आवडीचा धागा धरून शिकवण्याकडे कल आहे. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांनी अगदी लहान मुलांसाठी तयार केलेली ‘डेन्व्हर’ पद्धती याच प्रकारची.

गोव्याचा या विषयाशी थेट संबंध आहे. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेच्या सहभागाने गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी अशा दोन ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या ६५ बालकांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात आले. काटेकोरपणे पाहता हा वर्तनोपचार नव्हे, तर पालकांमार्फत करायचा संवादोपचार होता. पण आपल्यासाठी त्यातील बोध मोठा आहे. उपचार देणारे तज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले सामान्य आरोग्य कार्यकर्ते होते. ते पालक व मुलाच्या खेळाचे चित्रीकरण करत आणि ते पालकांसोबत बसून पाहत. मूल कोठे पाहत होते, आई कोठे घाईने बोलली, हे आईला स्वतःलाच दिसे. मुलाच्या कलाने प्रतिसाद देणे पालकांना जमू लागले आणि मुले आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याच्या बाबतीत मात्र अशी वाढ दिसली नाही. केंद्रातील आठवड्याच्या दोन-तीन तासांपेक्षा घरातील आंघोळ, जेवण, कपडे घालणे या वेळा किती मोलाच्या असतात, ते यावरून कळावे.

भाषेचा एक प्रश्न आपल्याकडे हटकून येतो. घरी मराठी किंवा कोंकणी, शाळेत इंग्रजी. तेव्हा ‘मुलाशी फक्त इंग्रजीत बोला’ असा सल्ला काही ठिकाणी मिळतो. तो मानू नये. अनेक भाषा कानांवर पडल्याने स्वमग्नता होत नाही आणि वाढतही नाही. आजीला जी भाषा येत नाही त्या भाषेत मुलाला ‘पाणी’ मागायला शिकवले, तर ते घरात कोणाकडे मागणार? उपचारांचे पहिले शब्द घरच्या बोलीतले असावेत, असा आग्रह धरावा.

उपचारतज्ज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारण्यात संकोच नको. सत्र चालू असताना पालकांना आत बसू देतात का, हेही विचारावे. दार बंद ठेवणारे केंद्र कितीही नावाजलेले असले तरी टाळावे. पहिल्या महिन्यातील उद्दिष्टे तीन-चारच, पण मोजता येतील अशी लेखी घ्यावीत. ‘एकाग्रता वाढवणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘दिवसातून पाच वेळा हाताने किंवा कार्डाने मागणी करणे’ हे आहे. आरंभीचे काही दिवस तर मुलाने तज्ज्ञाजवळ आनंदाने जाणे एवढेच साधले तरी पुरे. तीन महिन्यांत नोंदवहीत काहीच हलले नाही तर पद्धत बदलण्याविषयी बोलावे. दोष मुलावर ढकलू देऊ नये. मूळपेशींच्या इंजेक्शनांसाठी लाखो रुपये मागणाऱ्यांपासून दूर राहावे. स्वमग्नतेवर तो मान्यताप्राप्त उपचार नाही.

खर्चाचा भार काही अंशी हलका होऊ शकतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना एक लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण देते आणि त्यात नियमित उपचारपद्धतींचाही अंतर्भाव आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते काढल्याने मुलावर शिक्का बसतो म्हणून टाळणारी कुटुंबे पाहिली आहेत. तो टाळण्याचा तोटा शेवटी मुलालाच होतो.

चवथीच्या दिवसांत घुमटआरतीच्या आवाजाने ही मुले कान झाकून आक्रोश करतात आणि पाहुण्यांसमोर आईवडील ओशाळतात. पंधरा दिवस आधीपासून आरतीचे ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात, मुलाच्या आवडत्या खेळाच्या वेळी लावावे आणि मूल शांत राहील तसतसा आवाज किंचित वाढवावा. मागची एक खोली मोकळी ठेवावी, कान झाकणारे साधन हाताशी असावे आणि येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. पहिल्या वर्षी मूल आरती संपेपर्यंत त्या खोलीतच राहिले तरी चालेल.