पाषाणाचें सोंग

इ. स. १८११ च्या सप्टेंबरांत दक्षिण आफ्रिकेंतील प्रिस्का गांवाजवळच्या रुक्ष माळावर विल्यम बर्चेल या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें एक चमत्कारिक खडा उचलला. पाहतो तों ती सजीव वनस्पति! पुढें १९२२ सालीं एन. ई. ब्राऊन यांनीं तिच्या कुळास ‘लिथॉप्स’, म्हणजे पाषाणमुखी, हें ग्रीक नांव दिलें. तिचीं दोन मांसल पानें बहुतांशीं जमिनींतच असतात. माथ्यावरील अर्धपारदर्शक गवाक्षांतून प्रकाश आंत उतरतो. पानांतील जलसंचय तृषार्त जनावरांच्या दृष्टीस पडत नाहीं, तो या सोंगामुळें. मनुष्याच्या लोभापुढें मात्र हें सोंग टिकलें नाहीं. २०१९ नंतर तेथें तिच्या भाऊबंद कोनोफायटम वनस्पतींची सर्रास चोरी झाली. वनस्पतींचा ठावठिकाणा जगास सांगणाऱ्या शास्त्रज्ञांवरच आतां तो गुप्त ठेवण्याची पाळी आली आहे.