घर आज्याचं, जमीन मालकाची

कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांत मी आधी विचारतो, घर कोणी बांधलं? ‘आज्यानं.’ जमीन कोणाची? मग सगळे गप्प. खैराचा कात काढणारे, पुढे कोळसाभट्टीवर आणि शेतावर राबणारे हे लोक. मजूर हाताशी असावेत म्हणून मालकांनीच त्यांना बांधालगत वसवलं. 1948 च्या कूळकायद्याचं सोळावं कलम कुळानं स्वखर्चानं बांधलेल्या घराला संरक्षण देतं. पण कूळ म्हणून नोंद कुठाय? सातबाऱ्यावर नाव मालकाचं. 1966 च्या महसूल संहितेचं कलम 122 जिल्हाधिकाऱ्यांना गावठाणाची हद्द ठरवू देतं. मात्र जमीन खासगी असली की संपादनाचं घोडं अडतं. तोवर फार्महाऊसांमुळे भाव चढले, वाडीभोवती तारेचं कुंपण आलं. एका म्हातारीनं पत्र्याच्या पेटीतून घरपट्टीच्या पावत्या काढल्या. सगळ्या भरलेल्या.