ईशान्य मुंबई : सलग दुसऱ्यांदा कोणीच नाही

मंडळी, आज आपण घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्याकडे, म्हणजे ईशान्य मुंबई लोकसभा मतदारसंघाकडे पाहू. सुब्रमण्यम स्वामी इथून १९७७ आणि १९८० असे लागोपाठ दोनदा निवडून आले. त्यानंतर १९८४ ते २०२४ अशा अकरा लोकसभा निवडणुका झाल्या, पण इथला एकही खासदार सलग दुसऱ्यांदा दिल्लीला गेला नाही. गुरुदास कामत १९८४, १९९१, १९९८ आणि २००४ असे चारदा जिंकले, पण प्रत्येक वेळी मध्ये खंड पडला. १९९६ला जिंकलेले प्रमोद महाजन दोनच वर्षांत कामतांकडून हरले.

मग इथला मतदार चंचल आहे, असं म्हणून आपण मोकळे होणार का? आम्हाला तसं वाटत नाही.

थोडं मागे जाऊ. १९६७ साली काँग्रेसने व्ही. के. कृष्ण मेनन यांना उमेदवारी नाकारली. ते अपक्ष उभे राहिले. समोर काँग्रेसचे स. गो. बर्वे. आदल्याच वर्षी स्थापन झालेली शिवसेना मेनन यांच्या विरोधात उतरली. 'आपला कोण, बाहेरचा कोण' हा प्रश्न तेव्हापासून इथल्या राजकारणात आहे. बर्वे जिंकले, पण लगेचच त्यांचं निधन झालं. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरवलं.

आता आजचा नकाशा पाहा. मुलुंड आणि घाटकोपर पूर्वेला गुजराती वस्ती मोठी. भांडुप-विक्रोळीत मराठी कामगारांच्या चाळी, कन्नमवार नगरसारख्या वसाहती. दुसऱ्या टोकाला मानखुर्द-शिवाजीनगर, तिथे मुस्लिम कष्टकऱ्यांची दाट वस्ती. यांपैकी कोणीही एकट्याच्या बळावर खासदार निवडू शकत नाही. जोड जमली तर विजय, फुटली तर पराभव. २००९मध्ये संजय दिना पाटील अवघ्या २,९३३ मतांनी जिंकले. त्याच निवडणुकीत मनसेच्या उमेदवाराला सुमारे १ लाख ९५ हजार मतं पडली होती! २०२४ला तेच पाटील दुसऱ्या पक्षाकडून, दुसरीच जोड जमवून परत आले.

अर्थात, दर वेळी मतदारानेच खासदार बदलला असंही नाही. २०१९ आणि २०२४ला भाजपने स्वतःच आपल्या विद्यमान खासदाराला उमेदवारी दिली नाही.

म्हणजे इथे कोणाचंही मत गृहीत धरता येत नाही. लोकशाहीत ही ताकदच म्हणायची. पण देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७पासूनचं. २०१६च्या आगीचा धूर शहरभर पसरला, तेव्हा कुठे सगळ्यांचं तिकडे लक्ष गेलं. खासदार येतात-जातात, कचऱ्याचा डोंगर मात्र तिथेच. दर पाच वर्षांनी माणूस बदलला, तर जुन्या शब्दाचा जाब विचारायचा कोणाला? मतदारसंघाचा इतिहास वाचताना निकालांच्या यादीशेजारी हा प्रश्नही आपण मांडून ठेवायला हवा.