चेंडू उसळला तो वेलीमुळे

आजच्या भागात एका वेलीची गोष्ट. मूनफ्लॉवर तिचं नाव. पांढरीशुभ्र, बशीएवढी फुलं, संध्याकाळी उमलणारी आणि सकाळी मिटणारी. आपली गणेशवेल, समुद्रकिनाऱ्यावरची मर्यादवेल आणि एकादशीचं रताळं ही सगळी तिची भावंडं. पण आज जायचंय मेक्सिकोला, साधारण ३,६०० वर्षं मागे.

तिथे वेराक्रूझ राज्यात एल मनाती नावाची जागा आहे. टेकडीच्या पायथ्याशी झरा आणि दलदल. १९८०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या चिखलात रबरी चेंडू सापडले, सोबत हिरव्या दगडाच्या कुऱ्हाडी. त्यातले सर्वांत जुने चेंडू इ.स.पू. १६००च्या आसपासचे.

मला इंजिनिअर म्हणून इथे पहिला प्रश्न पडतो: हे जमलं कसं? रबराच्या झाडाचा चीक नुसता वाळवला तर आधी चिकट राहतो, नंतर ठिसूळ होतो. त्याचा चेंडू उसळत नाही.

उत्तर या वेलीत आहे. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश नोंदींमध्ये चिकात वेलीचा रस मिसळल्याचा उल्लेख येतो. एमआयटीच्या डोरोथी हॉस्लर, सँड्रा बर्केट आणि मायकेल टार्केनियन यांनी चियापासमधून चीक आणि वेल मिळवून प्रयोग केले आणि १९९९ साली ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष छापले. वेल ठेचायची, रस पिळून चिकात घालायचा आणि ढवळत राहायचं. सुमारे १५ मिनिटांत पांढरा गोळा तयार! तो घट्ट व्हायच्या आत त्याला आकार द्यायचा.

पुढे २०१०मध्ये हॉस्लर आणि टार्केनियन यांनी प्रमाणं बदलून पाहिली. चीक आणि रस निम्मे-निम्मे घेतले की रबर सर्वांत जास्त उसळतं. तीन भाग चीक, एक भाग रस घेतला की ते कमी झिजतं, म्हणजे चपलेच्या तळव्याला योग्य. चिकटवायचं असेल तर नुसता चीकच बरा.

आणि हा काही हौशी उद्योग नव्हता बरं का. ‘कोडेक्स मेंडोसा’ या ग्रंथात तोचतेपेक प्रांताने अॅझ्टेक राजधानीला द्यायच्या खंडणीत १६,००० रबरी चेंडू लिहिलेत. १५२८ साली कोर्तेसने खेळाडूच स्पेनच्या दरबारात नेले. कमरेने चेंडू उडवणाऱ्या त्या माणसांची चित्रं आजही आहेत. युरोपने खेळ पाहिला, कृती मात्र मागेच राहिली.

मग १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ केलं. १८४४ साली पेटंट घेतलं. त्याची पद्धत वेगळी होती आणि रबर जास्त टिकाऊ होतं, हे खरंच. त्याचं श्रेय कमी करायचं कारण नाही. पण ‘रबराला कामाचं कोणी केलं’ या प्रश्नाचं उत्तर आपण शाळेत एका नावावर संपवतो, ते मला पटत नाही.

कारण इतक्या रानवेलींमधून नेमकी हीच वेल सापडणं हे एका दिवसाचं काम नव्हे. कोणीतरी करून पाहिलं, फसलं, पुन्हा केलं आणि पुढच्या पिढीला हाताने शिकवलं. त्यांचं पेटंट नाही, नाव नाही. चेंडू तेवढे उरलेत. भेटू पुढच्या भागात!