विल्मा मार्टिनेझ : अमेरिकेच्या मतपत्रिकेवर इंग्रजीशिवाय दुसरी भाषा आणण्यासाठी लढलेली वकील

अमेरिकेत अनेक ठिकाणी मतपत्रिका स्पॅनिशमध्येही मिळते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात तर बंगालीतही. ही सोय १९७५ साली मतदान हक्क कायद्यात झालेल्या एका बदलामुळे आली. त्या बदलासाठी लढणाऱ्यांमध्ये एक प्रमुख नाव होतं विल्मा मार्टिनेझ यांचं.

सुरुवात कशी झाली?

मार्टिनेझ यांचा जन्म १९४३ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत, मेक्सिकन वंशाच्या कुटुंबात झाला. वडील सुतारकाम करायचे. अमेरिकेत स्पॅनिशभाषक देशांशी नातं असलेल्यांना 'हिस्पॅनिक' म्हणतात. अशा मुलांना तेव्हा कॉलेजऐवजी हातकामाच्या शिक्षणाकडे वळवलं जायचं. मार्टिनेझ यांनाही शाळेत तोच सल्ला मिळाला. त्यांनी तो ऐकला नाही. १९६७ साली त्या कोलंबिया विद्यापीठातून वकील झाल्या.

पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका संस्थेत त्यांनी काम केलं. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या 'ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर' या गाजलेल्या खटल्यातही त्यांचा सहभाग होता.

मतदानाचा मुद्दा काय होता?

१९७३ साली त्या 'माल्डेफ' या मेक्सिकन-अमेरिकनांच्या कायदेविषयक संस्थेच्या प्रमुख झाल्या. १९६५ चा मतदान हक्क कायदा मुख्यतः दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांवरचा अन्याय थांबवण्यासाठी होता. पण मतपत्रिका फक्त इंग्रजीत असेल, तर इंग्रजी न येणाऱ्या नागरिकाचा हक्क कागदावरच राहतो, असं माल्डेफचं म्हणणं होतं.

व्याप्ती वाढवली तर मूळ कायदाच अडचणीत येईल, अशी भीती कृष्णवर्णीय नेत्यांपैकी काहींना वाटत होती. तरीही १९७५ साली संसदेने बदल मंजूर केला. ठरावीक प्रमाणात भाषिक अल्पसंख्याक असलेल्या भागांत त्यांच्या भाषेत मतदान साहित्य देणं बंधनकारक झालं.

शाळेचा खटला

कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना मोफत सरकारी शाळा नाकारण्याची मुभा टेक्सासच्या एका कायद्याने दिली होती. माल्डेफने त्याला आव्हान दिलं. १५ जून १९८२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. एक मत फिरलं असतं, तर निकाल उलटा लागला असता.

त्यानंतर?

त्याच वर्षी मार्टिनेझ यांनी माल्डेफ सोडली आणि लॉस एंजेलिसमध्ये वकिली सुरू केली. १९७६ ते १९९० या काळात त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळावर होत्या. २००९ मध्ये त्या अर्जेंटिनातल्या अमेरिकेच्या पहिल्या महिला राजदूत झाल्या.

आज याचं महत्त्व काय?

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदान हक्क कायद्यातला एक महत्त्वाचा भाग रद्द केला. दुसऱ्या भाषेतल्या मतपत्रिकेची तरतूद मात्र टिकली. तिची मुदत २०३२ पर्यंत आहे. त्यानंतर ती ठेवायची की नाही, हे संसदेला पुन्हा ठरवावं लागेल.