बऱ्हाणपूरचा गृहप्रपंच

तापीच्या उत्तर तीरावर वसलेल्या बऱ्हाणपुराचा इतिहास ज्यांनी लिहिला, त्यांनी फारुकी सुलतानांची वंशावळ, असीरगडचा वेढा, १६०१ साली अकबराने तो गड घेऊन फारुकी राज्याचा केलेला शेवट, मोगल शहाजाद्यांच्या छावण्या, निजाम आणि पेशवे यांचे तह व त्यानंतरचा शिंद्यांचा अंमल यांचा वृत्तांत मोठ्या साक्षेपाने दिला आहे. परंतु या साऱ्या धामधुमीत त्या शहराच्या पुऱ्यापुऱ्यांतून जी हजारो घरे रोज पहाटे जागी होत, पाणी भरीत, चुली पेटवीत, पोराबाळांना, पाहुण्यांना आणि कामकऱ्यांना वेळेवर जेवू घालीत आणि दिवा मालवण्यापूर्वी उद्याची तजवीज करून ठेवीत, त्यांच्या व्यवस्थेकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. ही उपेक्षा मला अन्यायाची वाटते. मोठे कुटुंब सुरळीत चालवणे हे राज्य चालवण्याइतकेच बुद्धीचे काम आहे, आणि ते काम करणाऱ्या बायकांनी मागे बखरी ठेवल्या नाहीत, एवढ्यावरून त्यांना इतिहासच नाही असे म्हणता येत नाही. बऱ्हाणपुरात तर तो इतिहास शोधण्याची वाट जमिनीखालून जाते.

घराची व्यवस्था म्हटली की भांडीकुंडी, पेट्या-फडताळे आणि जमाखर्च यांचा विचार प्रथम मनात येतो. पण ज्या मुलखात वैशाखात विहिरी तळ गाठतात, तेथे व्यवस्थेचा आरंभ पाण्यापासूनच होतो. जहांगीर बादशहाच्या कारकिर्दीत, खानदेशच्या सुभ्याची सूत्रे अब्दुल रहीम खानखानान याच्या हाती असताना, १६१५च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरणारे आणि तापीकडे झिरपत जाणारे पाणी वाटेतच अडवून भुयारी मार्गाने शहरात आणण्याची योजना सिद्धीस गेली. इराणातील कनात म्हणवणाऱ्या भुयारी कालव्यांच्या धर्तीवर ही आखणी तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूतज्ज्ञाने केली, अशी तेथील परंपरा सांगते. उतारावर एकापुढे एक अशा शंभरावर कुंड्या खोदून त्या तळाशी भुयाराने परस्परांना जोडल्या, आणि मोट नाही, रहाट नाही, बैल नाही, केवळ उताराच्या बळावर पाणी चालते केले. मूळ भंडारा, सुका भंडारा, चिंताहरण आणि ज्याला लोक खुनी भंडारा म्हणतात तो कुंडी भंडारा, असे हे साठे; त्यांचे पाणी जाळी करंज या हौदात येऊन तेथून मातीच्या आणि दगडी नळांनी शहरात खेळवले जाई. अशा एकंदर आठ जलयोजनांचा माग इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांना लागला होता. कुंडीत उतरून पाहिले तर भुयाराच्या भिंतींवर क्षाराचे पांढरे, खडबडीत थर चढलेले दिसतात. पाण्यातला चुना वर्षानुवर्षे उतरत जाऊन वाट अरुंद करीत असतो, म्हणून ही योजना एकदा बांधून विसरून जाण्याजोगी कधीच नव्हती, तिची निगा सतत राखावी लागे.

या पाण्याने घरात काय घडवले असेल, याचा विचार स्थापत्याचे वर्णन करणारे सहसा करीत नाहीत. ज्या वस्तीजवळ करंज आले, त्या वस्तीतील बाईची नदीपर्यंतची खेप वाचली. आणि एक खेप वाचली म्हणजे पहाटेचा तेवढा वेळ दळणाला, पोरांना किंवा मागावरच्या कामाला मोकळा झाला. त्याहून मोठी गोष्ट अशी की पाणी अमुक ठिकाणी, अमुक वेळी मिळणार हा भरवसा आला. भरवशावाचून नियोजन होत नाही. पिण्याच्या पाण्याचा माठ घडवंचीवर, स्वयंपाकाचे हंडे-कळशा चुलीच्या डाव्या-उजव्या हाताशी, वापरण्याचे पाणी परसाच्या दारालगतच्या रांजणात आणि न्हाणीचे सांडपाणी परसातल्या केळींना, अशी जी वाटणी या मुलखातील घरांतून पिढ्यानपिढ्या दिसते, तिच्यामागे पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब आहे आणि तो हिशेब बायकांनी तोंडी ठेवलेला आहे.

याच शहराने गृहव्यवस्थेचा एक प्रचंड प्रयोगही पाहिला. १६३० च्या मार्चपासून १६३२ च्या मार्चपर्यंत शहाजहान बादशहाचा मुक्काम येथे होता, आणि बादशहाचा मुक्काम म्हणजे एक चालते शहरच. त्या खटल्याची रीत अबुल फजलने ‘ऐने अकबरी’च्या पहिल्याच भागात, राज्याच्या फौजफाट्याआधी, घरच्या कारखान्यांचे वर्णन करून सांगून ठेवली आहे: पाण्याचा आबदारखाना वेगळा, स्वयंपाकाचा मुदपाकखाना वेगळा, तंबू-गालिचांचा फरासखाना वेगळा, आणि प्रत्येकावर जबाबदार दरोगा. तयार अन्नाची चव आधी घेतली जाई. मग सोन्यारुप्याची ताटे तांबड्या कापडात आणि तांब्याची व चिनी मातीची पांढऱ्या कापडात बांधून त्यांवर मुदपाकखान्याच्या प्रमुखाची, मीर बकावलाची, मोहर होई, आणि कोणत्या भांड्यात काय आहे याची याद त्यांच्याबरोबर जाई. विषप्रयोगाचे भय हे त्याचे एक कारण खरे. पण इतक्या हातांतून जाणारी वस्तू हरवू नये, बदलू नये, आणि चूक झाली तर कोठे झाली हे कळावे, हा हेतू मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

या मुक्कामातच १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल निवर्तली. तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात तिला तात्पुरते दफन करण्यात आले आणि डिसेंबरात तिचा देह आग्र्यास नेला गेला. त्या प्रवासात शहाजादा शुजा आणि वजीरखान यांच्याबरोबर सतीउन्निसा खानम ही स्त्री होती. मुमताजच्या महालाचा कारभार तिच्या हाती असे. पुढे शहाजादी जहानआराच्या महालाचीही व्यवस्था तिनेच पाहिली. राणीच्या शोकात बादशहाचे काय झाले हे सर्वांना पाठ आहे. आईवाचून उरलेल्या मुलांचे आणि त्या अफाट महालाचे दुसऱ्या दिवशीचे जेवणखाण, कपडेलत्ते, औषधपाणी कोणी सांभाळले, हे विचारणारा विरळा. त्याच दिवसांत दख्खन आणि गुजरात भयंकर दुष्काळाने होरपळत होते. बादशहाच्या आज्ञेने बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगर उघडले, आणि बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस सोमवार गरिबांना वाटप झाले, असे दरबारी इतिहासकार नमूद करतो. एका बाजूस मोहरबंद ताटे आणि दुसऱ्या बाजूस लंगरापुढची रांग, हे दृश्य मनाला फार बोचते. ज्या घरातली कणगीच रिकामी, तेथील गृहिणीला व्यवस्था शिकवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पुढे शतकभराने निजामउल्मुल्काने १७३१ साली शहराला नऊ वेशींचा विटांचा कोट घातला; १७४८ साली तो येथेच वारला. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, १७७८ मध्ये शिंद्यांकडे गेले, आणि १८०३ च्या इंग्रजांबरोबरच्या युद्धातली थोडी धामधूम सोडली तर १८६० पर्यंत त्यांच्याच दौलतीत राहिले. मराठी अंमलाबरोबर मराठी कारकुनी आली, आणि कारकुनीबरोबर घराचा जमाखर्च लिहिण्याची शिस्तही आली. मराठी दौलतीत अठरा कारखान्यांची परंपरा होतीच: जामदारखाना, अंबरखाना, मुदपाकखाना, फरासखाना, दफ्तरखाना आणि बाकीचे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने १६७७ च्या सुमारास रघुनाथपंडिताने रचलेल्या राज्यव्यवहारकोशात या खात्यांतील कितीतरी शब्द संस्कृतात आणले गेले. देवगिरीच्या हेमाद्रीच्या नावावर चालत आलेली मेस्तके ही दप्तरलेखनाची वहिवाट त्याहूनही जुनी. वाड्यातल्या माणसाने सरकारात जे पाहिले, ते तो घरी घेऊन आला. रोजकीर्दीत मीठ-मिरचीपर्यंत खर्च पडू लागला, लेकीच्या माहेरपणाची साडी वेगळ्या कलमाखाली गेली, आणि वर्षाअखेरीस खतावणी करताना कोणत्या सणाला किती तूप लागले याचा निर्वाळा मिळू लागला.

परंतु बऱ्हाणपुराची खरी ओळख वाडे नव्हेत, माग. सतराव्या शतकात येथून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये येथले झिरझिरीत कापड आणि जरीचे पदर इराण, तुर्कस्तान, मस्कोव्ही, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असल्याचे लिहितो. हे कापड मोठ्या कारखान्यात निघत नसे. ते घरात निघे. म्हणून येथील विणकराच्या घरात गृहप्रपंच आणि धंदा यांच्यामध्ये भिंत अशी कधी उभीच राहिली नाही. पुढच्या खोलीत जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून माणूस मागावर बसलेला, त्याच्या मागे चरख्यावर कांड्या भरणारी बाई किंवा म्हातारी, कडेला सुताचे गुंडे, आणि त्यांच्यामधून वाट काढीत रांगणारे मूल. ताण्याला खळ द्यायची म्हणजे गल्लीत लांबच लांब ताणा पसरावा लागे, तो उन्हे चढण्यापूर्वी. म्हणून त्या दिवशी स्वयंपाक पहाटेच उरकायचा आणि शेजारचे चार हातही मदतीला बोलवायचे. खळ शिजवण्याचे भांडे आणि जेवण शिजवण्याचे भांडे यांत गल्लत होता कामा नये. पावसाळ्यात ताणा वाळत नाही, माग मंदावतो, घरातली आवक आटते. तेव्हा आषाढ-श्रावणाची बेगमी चैत्रातच करून ठेवणे भाग पडे. असे घर चालवणारी स्त्री मोमिन असो वा साळी-कोष्ट्याची, तिच्या डोक्यात दोन पंचांगे एकाच वेळी चालत: एक सणवारांचे आणि एक मागाचे.

कलाबतूच्या धंद्यात ही विभागणी आणखी बारीक होती. चांदीच्या पाशावर सोन्याचा वर्ख चढवायचा, तो पासा पोलादी जंत्रीच्या लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून तारकशाने ओढून केसासारखी तार काढायची, दुसऱ्याने ती ठोकून चपटी करायची, तिसऱ्याने रेशमाच्या धाग्यावर वळायची. प्रत्येक टप्प्यावर माल तोलून द्यायचा आणि तोलून घ्यायचा. रतिभर चांदीचीही नोंद ठेवणाऱ्या या घरांत झाडलेला केरसुद्धा फेकला जात नसे, कारण त्यात तारेचे तुकडे असत. काटकसर हा शब्द आपण सहज वापरतो. येथे ती कारागिरीचाच भाग होती.

शहराच्या भोवतालच्या गावांतून, जेथे आज दूरवर केळीच्या बागा दिसतात, तेथील मराठी शेतकरी कुटुंबांचा प्रपंच वेगळ्या तऱ्हेने बांधलेला होता. तीन पिढ्या एका चुलीवर, सालदार आणि गडी वेगळे, सुगीत येणारी मजुरांची पंगत वेगळी. अशा घराचा आधार म्हणजे माजघर, आणि माजघरातली उतरंड. तळाशी मोठा डेरा, त्यावर त्याहून लहान मडके, त्यावर आणखी लहान, अशी कोपऱ्यात छतापर्यंत गेलेली ही मडक्यांची रास पाहणाऱ्याला नुसती शोभा वाटावी. पण खालच्या डेऱ्यात वर्षाचे धान्य किंवा डाळ, मधल्या मडक्यांत बी-बियाणे, गूळ, चिंच, आणि वरच्या लहान बुडकुल्यांत हळद, मोहरी, ओवा, हा क्रम वस्तू किती वेळा लागते आणि किती दिवस टिकते यावरून ठरलेला असे. अंधारातही हात घातला तर हवी ती वस्तू सापडे. कणगीला आतून-बाहेरून शेण-मातीचा लेप, गव्हाला एरंडेल, डाळींत कडुनिंबाचा पाला, बियाण्यात राख. ही कीटकशास्त्राची विद्या कोणत्याही पोथीत न शिरता सासूकडून सुनेकडे आली. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, कुरडया, शेवया, सांडगे घालण्याचे काम तर एका घराचे नसेच. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, अशा पाळीने साऱ्या आळीच्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन जमत, आणि पंधरवड्यात दहा घरांची बेगमी होऊन जाई.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची कठोर बाजू झाकणे मला मान्य नाही. किल्ल्यांचा जुडगा ज्या कमरेला, त्या कमरेचा शब्द चाले. धाकट्या सुनेच्या वाट्याला पहाटेचे जाते आणि सर्वांच्या शेवटी ताट येई. पाळी, वाटणी आणि शिस्त यांनी घर उत्तम चालले, पण ते ज्यांच्या झोपेवर चालले त्यांना त्याचे श्रेय क्वचितच मिळाले.

विसाव्या शतकाने हे चक्र बदलले. १९०६ साली लालबागेजवळ ताप्ती मिल उभी राहिली, आणि ज्या घरांत दिवस मागाच्या गतीने चाले तेथे तो पाळीच्या वेळेने चालू लागला. पहिल्या पाळीच्या माणसाचा डबा पहाटे हवा, तर दुसऱ्या पाळीच्या माणसाचे जेवण रात्री उशिरा. पुढे यंत्रमाग आले. मराठी स्त्रीला गृहव्यवस्था छापील स्वरूपात मिळू लागली तीही याच काळात: लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली निघाले, ‘स्त्री’ मासिक १९३० साली. त्यांनी मोठे काम केले यात शंका नाही. मात्र सासूच्या तोंडी असलेले पुष्कळसे ज्ञान त्यांच्या पानांत आले नाही, कारण ते ज्ञान त्या त्या गावच्या पाण्याला, धान्याला आणि धंद्याला बांधलेले होते.

खानखानानाच्या कुंड्यांना आता जगाने ओळखले आहे. २०२४ साली त्यांचे नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेले. त्या पाण्यावर ज्यांनी घरे चालवली त्यांची नोंद करण्याचे काम मात्र आपल्यावर आहे. बऱ्हाणपूर, रावेर, खंडवा या टापूतील ज्या मराठी घरांच्या माळ्यावर जुन्या रोजकीर्दी, लग्नखर्चाच्या याद्या, आजीच्या हातचे हिशेबाचे कागद किंवा मोडीतील चिठ्ठ्या पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेला दाखवाव्यात, आणि ज्या घरांत कागद नसतील तेथे म्हाताऱ्या बायकांना विचारून, त्या सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे.